बसून ऐकायचा तवा

संगीताची मी जी काही सेवा केली ती उजव्या मनगटानं. ग्रामोफोनला चावी द्यायची, एवढंच माझं काम. तेही मला धड जमत नसे. चावी कमी पडली की रेकॉर्डमधला वाजवणारा मध्येच म्हातारा व्हायचा, आणि जास्त झाली की आतली स्प्रिंग तुटेल म्हणून माझाच जीव वरखाली व्हायचा. भैयासाहेब समोर डोळे मिटून बसलेले असत. सूर ओघळला की ते एकच डोळा उघडून माझ्याकडे बघत. कचेरीतल्या साहेबाला मी जेवढा भीत नसे तेवढा त्या एका डोळ्याला भीत असे.

भैयासाहेब आणि मी एकाच खात्यात होतो. तेव्हा उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात होतं आणि बाहेरून येणाऱ्या मालावर संस्थानची जकात बसे. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ आमची कचेरी. भैयासाहेब तिथे तपासनीस, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या माळव्यातच गेलेल्या; मी मात्र मामाच्या ओळखीनं साताऱ्याकडून नोकरीला आलेला. त्यामुळे शुद्ध मराठी, शास्त्रीय संगीत आणि जगातल्या एकूण सगळ्याच विषयांत मला या मंडळींपेक्षा जास्त कळतं, असा माझा समज होता. तो टिकवायला मला फार कष्ट पडत.

भैयासाहेब जाझच्या रेकॉर्डी जमवत. रेकॉर्डला ते इतर सगळ्यांसारखं ‘तवा’ म्हणत. काळा कोट, काळी टोपी, कपाळावर गंध, आणि काखेत विलायती बँडचे तवे, अशा अवतारात ते फ्रीगंजच्या बाजारातून चालले की ओळखीचे लोक नमस्कार करत आणि अनोळखी लोक रस्ता बदलत. जाझ हा शब्द मात्र त्यांना ठाऊक नव्हता. तो मी एका जुन्या इंग्रजी मासिकातून शोधून त्यांना सांगितला. त्यांनी तो एकदा उच्चारून पाहिला आणि सोडून दिला. ते आपले त्याला ‘विलायती ख्याल’च म्हणत राहिले.

हे वेड त्यांना सरकारी कामातून लागलं होतं. मी नोकरीला लागण्याच्या बऱ्याच आधी एका गिरणीतल्या विलायती इंजिनियरच्या नावानं एक खोकं मालधक्क्यावर आलं. कागदावर ‘वापरलेले गायनाचे सामान’ असं लिहिलेलं. वापरलेल्या मालाला जकात कमी, नव्याला जास्त. भैयासाहेब कर्तव्याला कठोर. त्यांनी तो माल खरोखर वापरलेला आहे की नाही हे तपासायला तबकडी वाजवून दाखवायला सांगितली. इंजिनियरनं कपाळाला हात लावला आणि धक्क्यावरच्या एका पोत्यावर ग्रामोफोन मांडला. मग म्हणे एक तुतारी सुरू झाली. ती वाजता वाजता अवचित थांबली, आणि त्या थांबलेल्या जागेतून सनईसारखं काहीतरी आत आलं. हमाल हातातली ओझी तशीच धरून उभे राहिले, असं भैयासाहेब सांगत. हमालांनी दुसऱ्या कशासाठी ओझी धरली असतील, असं मी म्हणून बघितलं होतं. पुन्हा म्हणालो नाही.

तबकडीची बाजू संपली, माल पास झाला, खोकं गेलं. पुढे इंजिनियरही देश सोडून गेला. तबकडीवरचं नाव काही भैयासाहेबांनी वाचलं नव्हतं. लक्षात राहिली ती फक्त सनईची जागा. तिच्यासाठी ते उरलेलं आयुष्य तवे धुंडाळत फिरले. घरात जमलेले बाकीचे सगळे तवे म्हणजे तो एक न सापडल्याची खूण होती.

शोधायची त्यांची रीत सोपी होती. दुकानदारासमोर उभं राहायचं, टोपी सारखी करायची आणि सनईची ती जागा सरगममध्ये गाऊन दाखवायची. टावर चौकातल्या दुकानदारानं एकदा ती शांतपणे शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाला, “बाबूजी, ये तो आरती है, मिल जाएगी.” खरोखरच त्यानं आरतीची तबकडी काढून दिली. भैयासाहेबांनी ती मुकाट्यानं घेतली, कारण आरतीला नाही म्हणायचं कसं? त्यांच्या संग्रहातली ती एकच देशी तबकडी.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळा देश झेंडे लावत होता आणि भैयासाहेब महूच्या फेऱ्या करत होते. तिथल्या छावणीतले गोरे अधिकारी सामानाचा लिलाव करून निघाले होते. लोक खुर्च्या-कपाटांवर तुटून पडत, भैयासाहेब कोपऱ्यातल्या खोक्यांवर. एकदा तव्यांचं खोकं एका न्हाणीच्या टबासकट घ्यावं लागलं, कारण लिलाववाल्यानं दोन्हींचा एकच ढीग केला होता. तो टब इंदूरमार्गे उज्जैनला आणण्यात माझा सहभाग होता. स्टेशनपासून घरापर्यंत मी त्यात बसून आलो. टांग्यात दुसरीकडे जागाच नव्हती. भैयासाहेबांच्या माधव नगरात टांगा शिरला तेव्हा शेजारपाजारचे लोक दारात आले आणि मी, साताऱ्याच्या संस्कृतीचा प्रतिनिधी, टबाच्या काठाला धरून सगळ्यांना नमस्कार करत गेलो. काकूंनी, म्हणजे भैयासाहेबांच्या पत्नीनं, त्या टबात पुढे कित्येक वर्षं गहू धुतले. “यांच्या नादातून घरात आलेली एवढी एकच कामाची वस्तू,” असं त्या माझ्यासमोर म्हणत. मी त्यात मोजला जात होतो की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

काकूंचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे तवे लाखेचे; माळव्याच्या वैशाखात ते पापडासारखे वाकतात. म्हणून भैयासाहेबांनी त्यांना घरातली सगळ्यात थंड जागा दिली होती. ती जागा माठाची. माठ पडवीत गेला आणि त्याच्या जागी तवे उभे राहिले. उन्हाळाभर ते घर कोमट पाणी पीत असे.

“भाऊजी, बघून राहिलात नं?” काकू मला पाण्याचा पेला देत म्हणत. “या घरात माणसांना ऊन आणि तव्यांना सावली.”

“अगं, माणूस वाकला तर सरळ होतो,” आतून भैयासाहेबांचा आवाज यायचा. “तवा एकदा वाकला की काम तमाम.”

तव्याची तपासणी ते जकातीच्या मालासारखी करत. आधी उन्हात तिरपा धरून बघायचा, मग कडेला नखानं टिचकी मारायची, मग वास घ्यायचा. एवढं झालं की निकाल लागे: पहिली छाप किंवा दुसरी छाप. विलायतेत जी तबकडी पहिल्यांदा निघाली ती पहिली छाप. तीच पुढे खपते आहे असं दिसल्यावर कलकत्त्यात पुन्हा काढली की ती दुसरी. दुसऱ्या छापेला त्यांच्या घरात प्रवेश नव्हता. “तेच वाजतं हो त्यात, पण उष्टं,” असं म्हणून ते हात झटकत. मला दोन्हींत काडीचा फरक कळत नसे. तरी कुणी तबकडी दाखवली की मी वास घेऊन “हं, दुसरी” म्हणायला शिकलो होतो. निम्म्या वेळा ते बरोबर निघे आणि तेवढ्यावर माझी कीर्ती झाली होती.

पोलादी सुईनं तव्याची आतडी खरवडून निघतात, असं त्यांचं मत. म्हणून ते बाभळीचा काटा तासून वापरत. काटे आणायचं काम अर्थातच माझं. क्षिप्रेच्या काठानं मी बाभळी धुंडाळत फिरायचो. उज्जैनसारख्या गावात एखादा तरुण माणूस नदीकाठी एकटा काटे निवडताना दिसला की लोक त्याच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघतात. एकदा एका म्हातारबांनी मला थांबवून, आपल्या सुनेला मूल होत नाही त्यावर काही करता येईल का, असं हळूच विचारलं. मी ग्रामोफोनचं सांगायला लागलो. ते हात जोडून म्हणाले, “समझ गया महाराज, बताना नहीं है तो मत बताओ.”

पण खरी मौज रविवारी सकाळी. त्या बैठकीला नियम होते. आंघोळ केलेली पाहिजे. सतरंजीवर मांडी घालून बसायचं. पाठ टेकायची नाही. पान चालेल, पण बाजू सुरू व्हायच्या आत चघळून संपलं पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे हलायचं नाही. मान डोलवायची नाही, पाय हलवायचा नाही, बोटानं तर ताल धरायचाच नाही. “समोर मोठा माणूस वाजवतोय आणि आपण हलायचं? शोभतं का?” तुतारीवाल्याला ते ‘मोठे खाँसाहेब’ म्हणत आणि सनईवाल्याला ‘धाकटे’. एखादी जागा फारच सुंदर आली तर डोळे मिटलेलेच ठेवून ते हलक्या आवाजात “क्या बात है” म्हणत. बस्स. मला मात्र त्या विलायती तालानं पायाला मुंग्या यायच्या, अंगठा आपोआप हलायचा. तो दिसू नये म्हणून मी मोजे घालून जाऊ लागलो. उन्हाळ्यातही.

त्यांच्या संगतीनं मी रसिक झालो, असं माझं मीच ठरवलं. एका गणेशोत्सवात इथल्या मराठी मंडळींपुढे मी ‘पाश्चात्त्य संगीतातील करुण रस’ या विषयावर व्याख्यान दिलं. गुलामगिरीत भरडलेल्या माणसांचं दुःख या सुरांतून कसं पाझरतं, हे मी स्वतःचेच डोळे ओले होतील इतकं रंगवून सांगितलं, आणि म्हणालो, “आता तो आक्रोश तुम्ही प्रत्यक्ष ऐका.” तबकडी लावली. ती भैयासाहेबांच्या खोक्यातली, पण मी उलटी बाजू लावली होती. त्या बाजूवर एक माणूस बँडच्या साथीनं नुसता खदाखदा हसत होता. बाजू संपेपर्यंत तो हसला. मला ग्रामोफोन थांबवायचं सुचलं नाही. शेवटी पुढच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर गंभीरपणे म्हणाले, “दुःख फारच मोठं दिसतंय.” त्यानंतर मंडळानं मला प्रसाद वाटायच्या कामाला लावलं, आणि ते मी चांगलं केलं.

इतक्यात संस्थानं गेली. ग्वाल्हेर, इंदूर आणि बाकीची मिळून मध्यभारत झालं आणि संस्थानची जकात बंद पडली. आम्हाला विक्रीकराच्या कचेरीत ढकलण्यात आलं. भैयासाहेबांना नव्या कचेरीत नुसते कागद तपासायला मिळत, माल हाताला लागत नसे. ते कागदालाही कडेनं टिचकी मारून बघायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

त्याच सुमारास त्यांना रतलामची खबर लागली. रतलामच्या रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांची पुष्कळ कुटुंबं होती. त्यातली कितीतरी आता विलायतेला निघाली होती. एका मेलगाडीच्या ड्रायव्हरची विधवा मुलीकडे इंग्लंडला चालली आहे, घर विकून टाकते आहे आणि तिच्याकडे नाचगाण्याच्या तव्यांचा मोठा ढीग आहे, असं एका तिकीट तपासनिसानं सांगितलं. आम्ही नागद्याला गाडी बदलून दुसऱ्याच दिवशी रतलामला हजर झालो. भैयासाहेबांचं वय तेव्हा निवृत्तीकडे झुकलं होतं, आणि गोरे लोक एकदाचे गेले की हे तवे या मुलखात पुन्हा दिसणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या शोधाला ही शेवटचीच जागा उरली होती.

बाई दारात आल्या. उंच, सडपातळ, फुलाफुलांचा झगा, पांढरे केस आखूड कापलेले. घरभर बांधाबांध चाललेली. विकलेल्या खुर्च्या एका बाजूला, कुलूप न घातलेल्या ट्रंका दुसऱ्या बाजूला. भैयासाहेबांनी नमस्कार केला, टोपी सारखी केली आणि आल्या कामाला सुरुवात केली. म्हणजे दारातच सनईची ती जागा सरगममध्ये गायला लागले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई आता शेजाऱ्यांना हाक मारणार म्हणून मी पायरी उतरायच्या तयारीत होतो. भैयासाहेब नेहमीच्या ठिकाणी थांबले. त्यांना तेवढंच येत होतं. आणि बाईंनी तिथूनच पुढे उचललं. सरगम नाही, नुसतं “ला ला ला”, पण तोच सूर, अगदी शेवटपर्यंत.

भैयासाहेब दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी ती ओळ अर्धीच म्हटली होती. पुढचं त्यांना कुणीच कधी दिलं नव्हतं.

बाईंनी ढिगातून बरोबर ती तबकडी काढली. भैयासाहेबांनी ती उन्हात धरली, टिचकी मारली, वास घेतला. “पहिली,” ते मला म्हणाले.

“ले जाओ,” बाई म्हणाल्या. “पैसा नहीं माँगता. पर हम डान्स करनेवाले को ही देगा. हमारा हजबंड का फेवरिट है. तुम लोग डान्स करता?”

“डान्स?” भैयासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “यावर नाचतात?”

खरं सांगतो, आम्हा दोघांनाही हे माहीत नव्हतं. मी त्यावर व्याख्यान दिलं होतं, पण मलाही माहीत नव्हतं. भैयासाहेबांचा चेहरा उतरला. आपण इतकी वर्षं देवघरात बसावं तसे ज्याच्यासमोर बसलो ते मुळात बसायचं नव्हतंच, हे त्यांना एका रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात कळत होतं. तेवढ्यात मी पुढे सरसावलो. असल्या प्रसंगी मी नेहमीच पुढे सरसावतो. “हाँ हाँ, बहुत डान्स करते हैं,” मी म्हणालो. “हर संडे!”

“करके दिखाओ,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी ग्रामोफोनला चावी दिली.

मग जे झालं त्याचं वर्णन मी घरात कधी केलं नाही. इंग्रजी नाचात एक पुरुष आणि एक बाई असते, एवढं मला माहीत होतं. भैयासाहेब वडीलधारे, त्यामुळे बाई मी झालो. त्यांनी माझा एक हात धरला, लग्नात वधूचा धरतात तसा. दुसऱ्या हातात त्यांची छत्री होती, ती खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. मी डावीकडे गेलो, ते उजवीकडे. मी त्यांच्या जोड्यावर पाय दिला, त्यांनी “माफ करा” म्हटलं. त्यांची टोपी माझ्या नाकावर आली. आम्ही एका ट्रंकेला अडखळलो आणि तिच्यावर बसते झालो. बाई आधी पोट धरून हसल्या, मग त्यांनी एकदम काटा उचलला.

“तुम लोग झूठ बोला,” त्या म्हणाल्या.

भैयासाहेब उठले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना घराबाहेर टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. “मेमसाहेब, यह सच बात है,” ते म्हणाले. “हमको नाचना नहीं आता. हम बैठ के सुनते हैं.”

“बैठ के? बैठ के क्या सुनता?”

“आप बैठिए. मैं बताता हूँ.”

बाईंनी एक चादर जमिनीवर टाकली. आम्ही मांडी घालून बसलो. त्या ट्रंकेवर बसल्या. भैयासाहेब म्हणाले, “हिलना नहीं. पाँव भी नहीं. पहले बड़े खाँसाहेब आएँगे. उनको जाने देना. फिर वो रुकेंगे, छोटेवाले के लिए दरवाज़ा खोलेंगे. उधर ध्यान देना.” मी चावी दिली, काटा ठेवला.

तुतारी आली. बाईंचा पाय हलायला लागला. भैयासाहेबांनी डोळे मिटलेलेच ठेवून नुसतं बोट वर केलं. पाय थांबला. तुतारी चढत गेली, अवचित थांबली, आणि त्या रिकाम्या जागेतून धाकटे आत आले. मी भैयासाहेबांकडे पाहिलं. ते “क्या बात है” म्हणाले नाहीत. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मी बाईंकडे पाहिलं तर त्यांचंही तेच.

बाजू संपली. बाई म्हणाल्या, “फिर से.” मी पुन्हा लावली. मग त्या आणखी एकदा म्हणाल्या.

“उधर,” शेवटी त्या सावकाश बोलल्या, “वो जगह पर वो हमको हमेशा घुमाता था. गोल गोल. हम इतना हँसता था… ये हमने कभी सुना ही नहीं.” नवऱ्याबरोबर उभं आयुष्य त्या ज्यावर नाचल्या होत्या त्यातली ती जागा त्यांनी आज पहिल्यांदा ऐकली होती. त्यांनी तबकडी उचलली, कागदी पाकिटात घातली आणि ढिगावर ठेवली नाही. भरलेली ट्रंक उघडून लोकरी कपड्यांच्या मधे ठेवली. “सॉरी, बाबू,” त्या म्हणाल्या. “अब हम नहीं देगा.”

मी तोंड उघडलं. चार शब्द सुनावायचे होते. भैयासाहेबांनी माझा दंड धरला आणि ते स्वतः ट्रंकेपाशी गेले. “आडवा नहीं, मेमसाहेब. खड़ा रखिए. दोनों तरफ़ ऊनी कपड़ा.” त्यांनी ती तबकडी पुन्हा काढली, स्वतःच्या हातांनी उभी बसवली, बाजूला दोन स्वेटर दाबले. जकातवाल्यांनी विचारलं तर वापरलेला माल, घरचा उपयोग, असं सांगायचं, हेही समजावलं. मग मला म्हणाले, “तुम्ही टांगा बघा नं.” मी पाय आपटत बाहेर गेलो.

परतीच्या गाडीत मी बाईंना, रेल्वेला आणि एकूण इंग्रजी राज्याला नावं ठेवत होतो. भैयासाहेब खिडकीतून बघत होते. नागदा आलं तेव्हा ते म्हणाले, “माझंच चुकलं. इतकं चांगलं ऐकवायला नको होतं.” मला रडूच आलं. मी शेंगदाणे घ्यायला खाली उतरलो.

त्यानंतर त्यांनी शोध थांबवला. सापडलेली वस्तू शोधायची कशी? पुढे काही वर्षांनी तीच तबकडी कलकत्त्यात पुन्हा निघाली आणि टावर चौकातल्या दुकानात आली. मी घाबरत घाबरत सांगितलं. भैयासाहेब लगेच उठून गेले आणि दुसरी छाप, जिला त्यांच्या घरात कधी उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती काखेत घालून घेऊन आले. वाससुद्धा घेतला नाही.

त्या दिवसापासून एक बदल झाला. रविवारची सकाळची बैठक संध्याकाळी पाचच्या पुढे गेली. काकू वैतागल्या, कारण ती त्यांची देवळात जायची वेळ. लोक मला कारण विचारत, आणि मला कारण माहीत नाही असं मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मी सांगे की भैयासाहेबांच्या मते या संगीताचा प्रहर संध्याकाळचा आहे, त्यात मारव्याची छाया आहे. हे मी इतक्यांदा सांगितलं की काही लोकांना ती छाया दिसायलाही लागली होती.

मग मध्यभारतही गेलं. नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळ ठरली आणि बदल्यांचे हुकूम सुटले. माझा निघाला. भैयासाहेब तोवर निवृत्त झाले होते. निघायच्या आधीच्या रविवारी मी निरोप घ्यायला गेलो. सतरंजी पसरलेली, ती दुसरी छाप बाहेर काढलेली. मी म्हणालो, “भैयासाहेब, जाता जाता एक विचारतो. हा संध्याकाळचा प्रहर तुम्ही कशावरून ठरवला? भोपाळला लोकांना सांगायला बरं.”

“कसला प्रहर?” ते म्हणाले. “अहो, तिकडे विलायतेत आता दुपार झाली असेल. बाई चर्चमधून घरी आल्या असतील. रविवारी चर्चमधून आल्यावर बसून ऐकीन, असं म्हणाल्या होत्या. तुम्ही टांगा बघायला गेला होतात नं, तेव्हा.”

बाईंचा पत्ता आमच्याकडे नव्हता. त्या पोहोचल्या की नाही, आहेत की नाहीत, काहीच ठाऊक नव्हतं.

“नवीन माणसाला एकट्यानं नाही हो बसवत,” भैयासाहेब म्हणाले. “पाय हलायला लागतो, उठावंसं वाटतं. सोबतीला कोणी बसलेलं असलं की बसवतं.”

मी घाईघाईनं सतरंजीच्या मोकळ्या बाजूला जाऊन बसलो.

“तिथे नका बसू,” ते म्हणाले. “इकडे या नं.”

मी मुकाट्यानं उठलो आणि त्यांच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलो.